प्रश्न सातवा

"गेल्या तीन वर्षांत, फावल्या वेळात, स्वतःच्या खर्चानं,
बाजारात मिळत नाही अशी एखादी नवी वस्तू
तुम्ही स्वतःसाठी बनवली आहे का?"

शब्दाला शब्द वाचायचं, असा नियम आहे.
समजावायचं नाही, सुचवायचं नाही,
भुवईसुद्धा हलवायची नाही.

ओइवा रेप्पोनन, वय बहात्तर,
ओंडक्यांच्या ट्रकवर चाळीस वर्षं.
साखरेचा खडा कॉफीत बुडवला, चोखला,
म्हणाला, नाही.

मी नाहीवर खूण केली. सकाळपासूनची अकरावी.
सातव्याला नाही आलं
की आठ ते एकोणीस गाळायचे.
पुढं हेलसिंकीत या खुणांची बेरीज होते,
बेरजेचा आलेख होतो,
आणि कळतं की या देशात शंभरातले पाचसहा जण
नवं काही करतात
आणि उरलेले विकत घेतात.

फॉर्म मिटता मिटता खिडकीबाहेर पाहिलं.
नुर्मेसच्या गोठलेल्या तळ्यावर
एक बाई ढकलगाडीवर बसली होती,
पुढ्यात बर्फातलं भोक, हात मांडीवर गप्प,
आणि पाय मात्र चाललेला,
खाली, वर, खाली, वर,
तळ्याला टीप घालत असल्यासारखा.

लेम्पी, तो म्हणाला. उजवा हात गेला मागच्या वर्षीच्या आदल्या हिवाळ्यात.
मासेमारी सुटली तशी जेवण पण सोडलं तिनं.
शिलाईयंत्राचा पायटा होता पडून,
त्याला गळाचं रीळ जोडलं.
मार्च गेला त्यात, अर्धा एप्रिल.
(आठवा प्रश्न: किती दिवस लागले?)
पट्ट्याचे सोळा युरो, बाकी सगळं अडगळीतलं.
(नववा: पदरमोड किती?)
पलीकडच्या काठावर पेंत्तीकडे आहे आता तसंच,
त्याचा गुडघा धड, खांदा नाही.
मी दिलं नाही, त्यानं मागितलं नाही,
उभा राहून बघून गेला.
(चौदावा.)

मी विचारलं नव्हतं काहीच.

पण मग मघाशी नाही का म्हणालात?
हे मात्र विचारलं, नियम मोडून.

तो खरंच गोंधळला.
यंत्र तिच्या आईचं. रीळ माझं, गंजकं.
पाय तिचा.
यात नवं काय आहे?
तुम्ही वस्तूचं विचारलंत.
ही तर सोय केली.

सोय.
दोन अक्षरं. एकोणीस प्रश्नांत कुठंच नाहीत.
व्याख्येत आहे: कार्य नवं हवं,
आहे त्याची घरगुती नक्कल नको,
धंद्यासाठी केलेलं नको.
ती लिहिणाऱ्यांनी बाजाराच्या भिंतीवर चढून
परसात डोकावून पाहिलं असणार, मान्य,
पण वरून दिसतात ती छपरं.

प्रशिक्षणात हाच प्रश्न मलाही विचारला होता.
मीही नाही म्हटलं होतं,
हातमोज्याच्या कापलेल्या बोटात
लोहचुंबक शिवून घेतलेल्या,
थंडीत पेन सुटू नये म्हणून.

फॉर्मच्या तळाशी शेऱ्यासाठी एक ओळ असते.
मी लिहायला घेतलं, तेवढ्यात दार उघडलं.
लेम्पी आत आली, बर्फ झटकत,
डाव्या हातात दोन मासे, मोठा अजून फडफडता.
नवऱ्याचं बोलणं अर्धवट ऐकलं असावं.
शब्द तिला शोधावे लागतात,
आम्ही दोघं थांबलो.

तो... पायाचंच सांगतो.
दोरा अडकायचा. रोज.
कोटाचं बटण लावलं मी तिथं. चार भोकांचं.
तेव्हा... चाललं.

हे मला माहीतच नाही, ओइवा म्हणाला.

यादीत नाव फक्त ओइवाचं आहे.
एका घरातून एकच माणूस, चिठ्ठी टाकून निवडलेला.
लेम्पीनं मासे पाटावर ठेवले
आणि सुरी माझ्यापुढं केली:
धरशील जरा? शेपटाकडून.